पळसाचं पान आणि हुशारांचा वर्ग

एका जंगलात एक शाळा होती. आता तुम्ही नाक मुरडाल, की गोष्टीतही शाळाच का. पण मुलांनो, सुट्टीतल्या गोष्टी मला येत नाहीत.

शाळा उंबराखाली भरायची. बाई एकच, साळिंदरबाई. अंगभर काटे, पण आवाज मऊ. त्यांना एक वाईट खोड होती. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, की त्या सरळ म्हणायच्या, "मला ठाऊक नाही. चला, बघून येऊ." मग अख्खा वर्ग बाईंच्या मागे निघायचा आणि गणिताचा तास ओढ्याकाठी संपायचा.

त्या वर्गात झिपरी नावाची खार होती. भारी हुशार. बाईंनी विचारलं, "पाच आवळ्यांतले दोन गेले, किती उरले?" की बाकीचे मोजायला लागायचे आणि ही विचारायची, "दोन खाल्ले कुणी?" तिच्या शेजारी शंखू बसायचा. तो गोगलगायीचा मुलगा. त्याला उत्तर उशिरा यायचं, पण एकदा आलं की कुठे जायचं नाही.

एकदा झिपरीने मोठ्यांच्या तोंडून ऐकलं, "कुठेही जा, पळसाला पानं तीनच." तिला रात्रभर चैन पडेना. तीनच का? चार का नाहीत? सकाळी ती बाईंना विचारणार, तेवढ्यात धनेशसाहेब आले.

धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखं दिसतं, त्यामुळे तो गप्प बसला तरी विद्वान वाटतो. हे मात्र गप्प बसणारे नव्हते. शेजारच्या जंगलातून तीन दिवसांचं शिबिर करून आले होते.

"बाई, तुमच्या शाळेत प्रज्ञा कुजते आहे," ते म्हणाले.

बाईंनी काळजीने इकडेतिकडे हुंगून पाहिलं.

साहेबांनी परीक्षा घेतली. एकटी झिपरी निवडली गेली. करवंदीच्या कुंपणाआड तिच्यासाठी नवा वर्ग निघाला. बाहेर पाटी लागली : 'प्रज्ञासमृद्धी वर्ग. इतरांनी आत डोकावू नये.'

झालं. संध्याकाळी पाणवठ्यावर दुसरा विषय नाही. "आमचा बारका काय ओवाळून टाकलाय?" डुकरीणकाकू म्हणाल्या. सशीणबाईंना तर एकदम सात मुलांची काळजी. दुसऱ्याच दिवशी वानरसरांनी प्रज्ञेच्या परीक्षेचा क्लास काढला. जन्मजात बुद्धी, आठ दिवसांत, खात्रीने. महिना संपायच्या आत जंगलातली सगळी मुलं असामान्य झाली.

सगळी म्हणजे शंखू सोडून. त्याचे बाबा अर्ज घेऊन वेळेवर निघाले होते. पण मुदत संपली तेव्हा ते पहिल्या वळणावर होते. अजून चालत होते. उंबराखाली आता साळिंदरबाई आणि शंखू, दोघंच उरले.

समृद्धी वर्गाचं वेळापत्रक फार सुंदर होतं. सकाळी सर्जनशीलता. त्यानंतर स्वतंत्र विचार, सगळ्यांनी एका सुरात. दुपारी दोन ते पावणेतीन कुतूहल. त्या वेळेत झिपरीने आपला प्रश्न विचारला.

"पळसाला पानं तीनच का?"

साहेबांनी डोळे मिटले. "वा. काय प्रश्न आहे. दहापैकी दहा."

"पण का?"

"का काय? दहापैकी दहा म्हटलं ना." साहेबांनी प्रश्न केळीच्या पानावर लिहवून घेतला आणि भिंतीवर लावला. पालक येऊन बघून गेले. पुढे त्यावर सगळ्या मुलांनी निबंध लिहिले, 'पळसाला पानं तीनच : माझे मौलिक विचार'. पळस कुंपणापलीकडे शंभर पावलांवर होता. तिकडे कुणी गेलं नाही, कारण वेळापत्रकात चालणं नव्हतं.

झिपरी सुकत चालली. शेपटीचा झुपका पार उतरला. एका संध्याकाळी तिला पाणवठ्यावर शंखू भेटला.

"तुझा प्रश्न मी बाईंना विचारला," तो म्हणाला.

"मग?"

"त्या म्हणाल्या, मला ठाऊक नाही. पौर्णिमेला सकाळी बघायला जाणार आहोत."

झिपरीच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रश्न तिचा होता आणि बघायला दुसरेच जाणार होते. शिवाय पौर्णिमेच्या सकाळी तर समृद्धी वर्गाची फेरपरीक्षा असायची. त्याआधी एक सराव परीक्षा होती. तिने ठरवलं, सराव परीक्षेतच नापास व्हायचं, म्हणजे तेच आपल्याला बाहेर काढतील.

तिने लिहिलं, दोन अधिक दोन सात. साहेब हरखले. "चाकोरी मोडली पोरीने." पूर्ण गुण. तिने अर्धी उत्तरपत्रिका कुरतडून खाल्ली. "आशय आत्मसात केला." पूर्ण गुण आणि वर शाबासकी. शेवटी तिने कोरं पान दिलं. साहेब ते पान उलटसुलट करून पाहत म्हणाले, "याला प्रगल्भता म्हणतात." झिपरी पहिली आली.

"आता काय करू रे?" तिने शंखूला विचारलं. "इथे नापासच होता येत नाही."

शंखूने विचार केला. विचार संपेपर्यंत चंद्र उगवला. मग तो म्हणाला, "माझ्या बाबांसारखं कर. पोचूच नकोस."

पौर्णिमेच्या सकाळी झिपरी घरून निघाली ती शंखूच्या बरोबरीने, त्याच्याच चालीने. उंबरापाशी बाईंनी शंखूला डोक्यावर घेतलं, काटे नीट बाजूला करून, आणि तिघं पळसाकडे गेली. तिकडे हजेरीत झिपरीच्या नावापुढे फुली पडली. प्रज्ञेत काहीही केलं तरी चालतं, हजेरी चुकवलेली चालत नाही. नियमाप्रमाणे तिचं नाव कापलं गेलं. "आता चार प्राण्यांत तोंड कसं दाखवू?" म्हणून तिची आई रडली.

पळसाखाली झिपरीने सरासरा वर चढून पन्नास जागी मोजलं. तीन, तीन, तीन. शंखू मात्र एकाच पानाच्या टोकाशी लागला होता. तिथून देठावरून सरकत तो फांदीपाशी पोचला, तेव्हा दुपार झाली होती.

"बाई," तो वरून म्हणाला, "तिन्ही पानांचा देठ एकच आहे."

"मग रे?"

"आणि नवा कोंब पानाच्या बगलेत फुटतो असं तुम्ही करंजावर दाखवलं होतं. इथे तिघांना मिळून बगल एकच, कोंबही एकच. ही तीन पानं नाहीत. तीन भागांचं एकच पान आहे."

बाईंनी वर जाऊन पाहिलं. खाली येऊन पुन्हा वर पाहिलं. "पोरांनो," त्या म्हणाल्या, "हे मला ठाऊक नव्हतं." त्यांना इतका आनंद झाला, की सगळे काटे उभे राहिले आणि झिपरीला जरा लांबूनच नाचावं लागलं.

बातमी पाणवठ्यावर पोचली. डुकरीणकाकूंचा बारका घरी जाऊन लोळला. "मला बाईंकडे जायचंय. मला खरं पान बघायचंय." सशीणबाईंच्या सातही जणांनी तेच केलं.

धनेशसाहेब डगमगले नाहीत. त्यांनी तीन दिवसांत नवी पाटी लावली : 'अतिप्रज्ञावंतांसाठी साधा वर्ग. निवड परीक्षेनेच.' परीक्षेत एकच प्रश्न होता, 'पळसाला पान एकच' हे शंभर वेळा लिहा. वानरसरांचा क्लास पुन्हा भरून वाहू लागला. साळिंदरबाईंना त्या वर्गावर शिकवता येणार नव्हतं, कारण त्यांचं साधेपणाचं शिबिर झालं नव्हतं.

त्याच दिवशी शंखूचे बाबा अर्ज घेऊन समृद्धी वर्गाच्या खिडकीपाशी पोचले. घामाघूम झाले होते. साहेबांनी अर्ज उलटून पाहिला. "हा जुना अर्ज. नव्या वर्गाला नवा नमुना लागतो. घरी भरा आणि घेऊन या."

बाबांनी नवा अर्ज पाठीवर ठेवला आणि वळले.

उंबराखाली झिपरीने विचारलं, "बाई, वटवाघूळ उलटं लटकतं, तर त्याच्या डोक्यात रक्त उतरत नाही का?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. शंखू आधीच त्यांच्या डोक्यावर चढायला लागला होता. बाबा नवा अर्ज भरून परत येईपर्यंत, म्हणजे अजून चार-पाच महिने तरी, त्याला कसलीच भीती नव्हती.

तात्पर्य : मूल हुशार निघालं तर पालकांनी घाबरून जाऊ नये. वेळीच लक्षात आलं आणि अर्ज मुदतीत भरला, तर ते पूर्ण बरं होतं.