तात्यांची मागणी

दुपारच्या सुट्टीत टेपच्या कपाटातला यांत्रिक हात आपोआप हलला आणि कोठीवाल्यांच्या घशात घास अडकला.

पुलांचे आराखडे करणारं ते ऑफिस. जुन्या फायली सांभाळतात म्हणून त्यांना सगळे कोठीवाले म्हणत. कामाची रीत सरळ होती. रोजच्या फायली डिस्कवर. वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, त्या टेपवर. यादीत मात्र नाव जागच्या जागी राहायचं. कोणी ते उघडलं की काचेमागचा हात सरसरत जायचा, नेमकी टेप काढून यंत्रात घालायचा, आणि फाइल परत डिस्कवर यायची. उघडणाऱ्याला यातलं काही कळायचंही नाही. थोडं थांबावं लागे, इतकंच.

पण हल्ली मागणारंच कोणी उरलं नव्हतं. नव्या मॅडमनी सकाळीच फर्मावलं होतं, "शुक्रवारी कपाट भंगारात. तुम्ही चौकशीच्या खिडकीवर बसा." उभा जन्म या गार खोलीत गेला, आणि आता येणाऱ्याजाणाऱ्याला जिना दाखवत बसायचं! कोठीवाल्यांना रडूच यायचं बाकी होतं.

आणि आता हा हात. पडद्यावर मागणाऱ्याचं नाव उमटलं: तात्या.

तात्या म्हणजे आधीचे मोठे साहेब. ते जाऊन वर्ष झालं होतं. जाऊन म्हणजे बदली होऊन नव्हे.

दुसऱ्या दिवशी तेच. खोलीत चिटपाखरू नाही, हात सरकतोय, आणि नाव तात्यांचं. कोठीवाल्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, जिवंतपणी कधी वेळेवर आले नाहीत ते ऑफिसात! आता कशाला येतील?"

पण बुडत्याला काडीचा आधार. भूत का होईना, मागणी ती मागणीच. कोठीवाले थेट मॅडमपुढे उभे राहिले.

"मॅडम, कपाट वापरात आहे."

"कोण वापरतं?"

"तात्या."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "भलतंसलतं बोलू नका," म्हणत त्यांनी ग्लासभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

गुरुवारी दुपारची सुट्टी होताच कोठीवाले धीर करून तात्यांच्या खोलीपाशी गेले. तात्यांच्या खुर्चीत बसायचं नाही, त्यांचा कॉम्प्युटर बंद करायचा नाही, असं सगळ्यांनी न ठरवताच ठरवलं होतं. दार बंद होतं आणि आतून टकटक, टकटक ऐकू येत होती. कोठीवाल्यांनी हात जोडले.

"तात्या, रागावू नका, पण उद्यापर्यंत जरा जास्त फायली मागवा हो! माझ्या पोटावर पाय येतोय!"

दार उघडलं. आत मॅडम.

"हळू बोला ना!" त्या कुजबुजल्या. "मला जुन्या पुलांतलं ओ की ठो कळत नाही. तात्यांच्या नावाने त्यांच्या जुन्या फायली उघडते, वाचते आणि मीटिंगमध्ये बोलते. पण हा मेला कॉम्प्युटर किती रेंगाळतो!"

"रेंगाळत नाही तो. तुम्ही भंगारात काढलेलं कपाट धावत असतं तुमच्यासाठी."

मॅडमनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "कोणाला सांगणार नाही ना?"

"मी कशाला सांगू? पण चौकशीच्या खिडकीवर बसलं, की लोक विचारतातच."

मॅडमनी मुकाट्याने कॉम्प्युटर बंद केला, खोलीला कुलूप लावलं आणि कपाट पाहायला गार खोलीत आल्या. "राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. कोठीवाल्यांनी आनंदाने कपाटाची काच बाहीने पुसली.

तेवढ्यात हात हलला.

सरसर करत तो खालच्या कप्प्यापर्यंत गेला, एक टेप काढली आणि यंत्रात घातली. पडद्यावर नाव आलं: तात्या.

"मॅडम, तुम्ही..."

"मी इथे आहे ना! आणि किल्ली ही बघा, माझ्या मुठीत!"

मॅडमनी कोठीवाल्यांची बाही घट्ट धरली. दोघंही श्वास रोखून हाताकडे बघत राहिले. तो टेप परत ठेवून दुसरीकडे वळला होता.

"कोठीवाले," मॅडम हळूच म्हणाल्या, "मागणी वाढतेय, असं लिहा."