पहिलं बक्षीस : एक रॅम्प, बसवून

मिनेसोटातल्या ऑस्टरलेक गावचे रहिवासी व्हर्लिन स्टेनरूड, वय बहात्तर, यांचा डावा पाय मधुमेहाने गुडघ्याखाली नेला. गेले पाच आठवडे ते गावच्या शुश्रूषागृहात चाकांच्या खुर्चीत बसून मोटारींच्या वाहनतळाकडे बघत होते. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की त्यांच्या घराला पाच पायऱ्या आहेत. तिथे खुर्ची चढेल असा लाकडी रॅम्प बसला, की त्याच दिवशी पेशंटने घरी जावं.

रॅम्पला लाकूड लागतं, खिळे लागतात आणि दोन शनिवार लागतात. ऑस्टरलेकमध्ये लाकडाची वखार आहे, अकरा सुतार आहेत आणि शनिवार तर दर आठवड्याला येतो. सबब, गावाने एक समिती नेमली आणि धर्मादाय सोडत काढायचं ठरवलं.

रॅम्प सरळ बांधूनच का दिला नाही, असं एखादा परगावचा माणूस विचारील. त्याला इथली रीत ठाऊक नाही. ऑस्टरलेकमध्ये कुणी काही देऊ केलं की माणूस तीनदा ‘नको’ म्हणतो. त्याआधी ‘हो’ म्हणणं हा हावरटपणा आणि चौथ्यांदा विचारणं हा आगाऊपणा. व्हर्लिनची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण मार्लिस हॉग्रुड, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, हिने रीतसर विचारून पाहिलं होतं.

“व्हर्लिन, आम्ही सगळे मिळून रॅम्प ठोकून देतो.”

“नको गं बाई. कशाला उगीच?”

“अरे, त्यात त्रास कसला?”

“नको म्हटलं ना. मजेत आहे मी इथे.”

“नक्की?”

“नको, अगदी नक्की. रोज जेली देतात.”

तीन झाले. मार्लिसने कोट चढवला. बोलताना व्हर्लिनचे डोळे तिच्या हातातल्या गाडीच्या किल्लीवर होते, हे तिने पाहिलं होतं. पण किल्लीकडे बघणं हे उत्तर म्हणून धरण्याची पद्धत नाही.

सोडतीचं तसं नसतं. सोडतीत कुणी कुणाला मदत करत नाही. दुकानदार बक्षीस देतात, लोक तिकीट घेतात आणि उपकार न होता काम होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं इतरत्र दोष मानतात. ऑस्टरलेकमध्ये तो संस्कार आहे. फक्त घाई करायला हवी होती. नोव्हेंबरात जमीन गोठली, की खांबांसाठी खड्डे थेट एप्रिलात.

बक्षिसं मागायचं काम मार्लिसकडे आलं, कारण तिने ‘नको’ दोनदाच म्हटलं होतं.

तिने बाजारपेठ पालथी घातली. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानाने विहित नमुन्यातला अर्ज दिला. दोन आठवडे आधी, तीन प्रतींत, आणि प्रश्न क्रमांक चार असा : ‘आमचं नाव फलकावर किती इंच उंचीच्या अक्षरांत असेल?’ मार्लिसने नऊ इंच लिहिलं. दुकानाने नऊ इंचांच्या मानाने एक मेणबत्ती दिली. केशकर्तनालयाने पंधरा टक्के सवलतीचं कुपन दिलं, मंगळवारपुरतं. विमा एजंटने स्वतःच्या फोटोची बारा महिन्यांची दिनदर्शिका दिली. वर्षाचे दोन महिने उरले होते. खाटकाने मात्र दिलदारपणे बेकनची वीस पाकिटं दिली. अंत्यविधीच्या कंपनीने ‘स्वतःच्या अंत्यविधीचं पूर्वनियोजन, एक बैठक, मोफत’ असं पाकीट सोनेरी फीत बांधून दिलं आणि मॅनेजर आपुलकीने म्हणाला, “घाई नाही हं. मुदत संपत नाही याची.”

सगळ्यांना मार्लिस म्हणाली, “वा, छानच!” नापसंतीसाठी इथे वेगळा शब्द नाही.

शेवटी ती गेलन ऑप्सलच्या वखारीत गेली. गेलनला तिने बालवाडीपासून आठवीपर्यंत जेवण वाढलं होतं, त्यामुळे तो तिला पाहताच अजूनही हात पॅन्टला पुसतो.

“लाकूड बरंच दिसतंय रे,” मार्लिस म्हणाली. यापेक्षा उघड मागणं तिला शक्य नव्हतं.

“आहे खरं, मार्लिसबाई.”

“रॅम्पला लागतं तसलंच वाटतं हे.”

“तसलंच आहे.” गेलनने लाकडाकडे आणि मग बुटांकडे पाहिलं. “व्हर्लिनकाका शाळेची बस चालवायचे. मला एकदा दारापर्यंत उचलून नेलं होतं त्यांनी, बर्फात. करायलाच हवं काहीतरी.”

“हो ना.”

“पण नुसतं एका माणसाला कसं देणार? लोक म्हणतील गेलन मोठेपणा मिरवतोय. आणि काका घेणार नाहीत. तीनदा नाही म्हणालेत ना?”

“तीनदा.”

“मग संपलंच. पण बक्षीस म्हणून मागाल, तर हात आखडता घेणार नाही मी.” त्याचा चेहरा एकदम उजळला. “पहिलं बक्षीस! एक अख्खा रॅम्प, माणसं लावून, बसवून! जमीन गोठायच्या आत तेवढा एक होईल.”

ती म्हणाली, “वा, छानच!”

समितीच्या अध्यक्षा लव्हॉन ब्रॅटव्हॉल्ड यांनी टाळ्याच वाजवल्या. “रॅम्पच्या सोडतीत पहिलं बक्षीस रॅम्प! विषयाला किती धरून!”

“पण तो दुसऱ्याच कुणाला लागला तर?” मार्लिसने विचारलं.

“तर जमलेल्या पैशातून व्हर्लिनला रॅम्प घेऊ की.”

“कुणाकडून?”

“गेलनकडून.”

“जमीन गोठायच्या आत तो एकच करू शकतो. तो तर बक्षिसात गेला.”

कुणीतरी कॉफी ओतली.

“मग व्हर्लिनलाच एक तिकीट विकू,” मार्लिस म्हणाली.

“अगं बाई, नियम सात!” लव्हॉनबाईंनी कागद पुढे केला. “लाभार्थी आणि त्याचे नातेवाईक यांना सोडतीत भाग घेता येणार नाही. त्याला लागलं तर लोक म्हणतील, आधीच ठरलं होतं.”

“ते आधीच ठरलं होतं ना? म्हणून तर आपण जमलोय!”

“मार्लिस,” लव्हॉनबाई हळुवारपणे म्हणाल्या, “सोडत निःपक्षपाती दिसायला नको का?”

रॅम्पची जाहिरात लागली आणि तिकिटांवर गावाच्या उड्या पडल्या. ज्यांच्या घरात सर्वांचे दोन्ही पाय शाबूत होते त्यांनाही रॅम्पची निकड जाणवू लागली. कुणाला गवत कापायचं यंत्र वर न्यायचं होतं, कुणाला होडी खाली. एका घरात कुत्रा म्हातारा होता. दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर लोक मार्लिसला थांबवून सांगत, “व्हर्लिनसाठी म्हणून दहा तिकिटं घेतली बरं का!” आणि मग आवाज उतरवून विचारत, “रंग आपल्याला निवडता येईल ना?”

मार्लिसनेही एक तिकीट घेतलं. रॅम्प लागला तर गेलनला घेऊन सरळ व्हर्लिनच्या दारात जायचं आणि नियम सात चुलीत घालायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. शेजारीण नातेवाईक ठरत नाही, याची तिने दोनदा खात्री करून घेतली.

सोडतीला सभागृहात तीनशे माणसं लोटली. बेकन गेलं, मेणबत्ती गेली, पूर्वनियोजनाचं पाकीट एका नवविवाहित जोडप्याला लागलं. मग लव्हॉनबाईंनी व्हर्लिनच्या धैर्यावर चार शब्द बोलून पिंपात हात घातला. “एक्केचाळीस…”

तीनशे माना एकदम खाली गेल्या. मार्लिसचं तिकीट एक्केचाळीसनेच सुरू होत होतं. त्या एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढे दार आलं ते तिच्या स्वतःच्या मागल्या अंगणाचं. तिचाही उजवा गुडघा अलीकडे कुरकुरत होता. रेलिंग पांढरं शोभेल की तपकिरी, इथवर ती पोचली होती.

“…सत्तावीस!”

तिचे शेवटचे आकडे एकोणतीस होते. तिकीट तिने घडी करून बाहीत सारलं आणि इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

समितीने प्रसिद्धीपत्रक काढलं : विक्रमी विक्री, दात्यांचे आभार, लाभार्थ्याच्या रॅम्पचं काम एप्रिलमध्ये हाती घेण्यात येईल. बक्षिसाच्या रॅम्पचे खड्डे गेलनने रविवारीच खणून घेतले. जमीन सोमवारी गोठली.

मंगळवारी मार्लिस शुश्रूषागृहात गेली. दारातल्या बाईने विचारलं, “रॅम्प कुणाला लागला हो?” लिफ्टमधल्या नर्सने विचारलं, “कुणाला लागला?” एप्रिलपर्यंत इथेच राहावं लागेल, हे व्हर्लिनला कसं सांगायचं याचा विचार करत ती खोलीत शिरली. व्हर्लिनने खुर्ची खिडकीकडून गर्रकन वळवली.

“बस, बस! आधी सांग, रॅम्प कुणाला लागला?”

मार्लिसने सांगितलं. मग पुढचं सांगितलं. व्हर्लिनने जेलीची वाटी तिच्यापुढे सरकवली. ती तीनदा ‘नको’ म्हणाली आणि त्याने ती परत घेतली.

तर, वाचकहो, पाच महिन्यांचा हिवाळा आहे, खिडकीत एक माणूस बसला आहे, अकरा सुतार आपापल्या घरी आहेत. याबद्दल तुम्हाला काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा. पण नाही, तुमच्या मनात मघापासून भलताच प्रश्न घोळतो आहे.

दातांच्या डॉक्टरांना लागला. झालं समाधान?