मागे बघेल तो नापास

पावसजवळच्या आमच्या आंबा बागायतदार संघाने यंदा ठराव केला, की ज्या सभासदाला एकाग्रतेचे इंग्रजी शब्द येत नाहीत, त्याची एकही पेटी संघाच्या ट्रकमधून वाशीला जाणार नाही. ठराव एकमताने झाला. म्हणजे चेअरमन आप्पांचं एक मत होतं, ते बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

आप्पा मुंबईला एक दिवसाच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथे त्यांना समजलं, की कोकणी माणूस मागे पडला तो मोहोर गळल्यामुळे नव्हे, तर त्याच्याकडे 'गोल', म्हणजे ध्येय, नसल्यामुळे.

"मराठीत आपण लक्ष देतो," आप्पा सभेत म्हणाले, "पण ते मेलं जातं इकडेतिकडे. इंग्रजीत एकदा फोकस झाला, की जाग्यावरून हलत नाही."

सभेत हरिहरही बसला होता. यंदा त्याच्या अख्ख्या बागेत एकच कलम धरलं होतं, विहिरीवरचं. बाकीच्यांनी नुसता पाला दाखवला, पण हे असं लगडलं होतं, की त्याची बायको वासंती रोज त्याची दृष्ट काढायची. एवढे आंबे वाशीला पोचले, तर वर्ष निघणार. ट्रक चुकला, तर रत्नागिरीत नाक्यावर टोपली घेऊन बसायचं. हरिहरने इंग्रजी शब्दांच्या वर्गाला नाव घातलं.

शिकवायला रत्नागिरीहून निशिगंधा मॅडम येणार होत्या. वर्ग हरिहरच्याच बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या कौलारू घरात, भरायचा ठरला, कारण पंचक्रोशीत फिरणारा पंखा असलेला मांगर तेवढाच.

पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर 'प्रोक्रॅस्टिनेशन' लिहिलं. लिहिता लिहिता खडू मोडला.

"याचा अर्थ, आजचं काम उद्यावर टाकणं."

"त्यासाठी एवढी लांब मालगाडी?" हरिहर म्हणाला. "आमच्याकडे नुसतं 'बघू' म्हणतात."

सगळे हसले. मॅडमनी 'बघू' लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी 'डिस्ट्रॅक्शन' निघालं आणि नेमका बाहेर सदू डबा बडवायला लागला. सदू हा हरिहरचा राखणदार. पत्र्याचा डबा बडवत बागभर फिरायचं आणि वांदर दिसला, की गावाला ऐकू जाईल अशी बोंब ठोकायची, हे त्याचं काम. मॅडमनी कान झाकले आणि खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हेच ते. डिस्ट्रॅक्शन!"

उदाहरण आयतं मिळाल्यामुळे शब्द सगळ्यांच्या चटकन ध्यानात राहिला. संध्याकाळी संघाचं परिपत्रक निघालं, 'वर्गाच्या वेळेत सर्व राखणदारांनी आपापले डबे म्यान करावेत.'

डबा गेल्यावर सदूही येऊन वर्गात बसला.

"तुम्ही काम करताना कुठे बघता?" मॅडमनी विचारलं.

"सगळीकडं."

"तिथेच चुकतं. एका वेळी एकच गोष्ट."

सदूला हे इतकं पटलं, की त्याने दुसऱ्या दिवसापासून एकच झाड राखायला घेतलं. वाटेवरचं काजूचं. त्याच्याखाली सावली होती.

"अहो," वासंती म्हणाली, "तो सदू सकाळपासून त्या काजूकडे टक लावून बसलाय. लागीर झालंय काय मेल्याला?"

"लागीर नाय गो, फोकस."

"आणि वांदर आले म्हणजे?"

"वांदर हा आपला गोल नाही. आपला गोल ट्रक. आंबा उद्या काढायचाच आहे, आज परीक्षा."

परीक्षा तोंडी होती. उमेदवाराने मांगराच्या वळचणीखाली बागेकडे पाठ करून खुर्चीत बसायचं, मॅडमच्या डोळ्यांत बघून वाक्यं बोलायची. मागे बघेल तो नापास.

हरिहर बसला. "आय फोकस ऑन माय वर्क," त्याने सुरुवात केली आणि मागे फांदी कडाडली.

"अहो!" घराच्या मागल्या दारातून वासंती ओरडली. "वांदर! विहिरीवरच्यावर! सगळं खानदान आलंय!"

"व्वा," मॅडम म्हणाल्या. "मी ठरवूनसुद्धा इतकं चांगलं डिस्ट्रॅक्शन आणू शकले नसते. लकी आहात."

"हरिहर," आप्पा दात आवळून म्हणाले, "मान हलली, की ट्रक गेला."

"आय डू नॉट..." धप्. "...गेट डिस्ट्रॅक्टेड." धप्. धप्.

"व्हॉट इज युअर गोल?"

"माय गोल," हरिहर मॅडमच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "इज ऑन द ट्री."

मॅडमनी त्याच्या खांद्यावरून बागेत बघितलं. "'इज' नव्हे, 'वॉज'. काळ चुकला, पण अर्धा मार्क देते."

वांदरांची खाण्याची रीत अशी, की एक चावा घ्यायचा, फेकायचं आणि पुढचा तोडायचा. "बघा," मॅडम कळवळून म्हणाल्या, "किती हा लॅक ऑफ फोकस!" तेवढ्यात एक उष्टा आंबा कौलांवरून घरंगळत हरिहरच्या मांडीत पडला. त्याने खालीसुद्धा बघितलं नाही. आप्पांनी डोळे पुसले. हरिहर विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला. सदू पहिला आला. त्याच्या काजूचं एक बोंडसुद्धा हललं नव्हतं.

परीक्षेच्या त्या आठवड्यात डबे सगळ्यांचेच म्यान होते, त्यामुळे जो जो पास झाला त्याच्या त्याच्या बागेत हेच घडलं. नापास झाला तो एकटा शेजारचा बाळा. पहिल्याच वाक्याला त्याच्या बागेत पान सळसळलं आणि हा गडी खुर्ची उलथून, डबा उचलून, आईमाईवरून शिव्या घालत धावला. एकही इंग्रजी शब्द न वापरता.

ट्रकच्या दिवशी बाळाच्या भरलेल्या पेट्या रस्त्याकडेला उभ्या होत्या. ट्रकमध्ये त्यांना जागा नव्हती. हरिहरची जागा राखीव होती, पण ठेवायला काही नव्हतं.

"आप्पा, माझ्या जागेवर बाळाच्या पेट्या जाऊ देत. निदान त्याचं तरी वर्ष निघेल."

"जागा हस्तांतरणीय नाही. शिवाय नापासाचा आंबा पासाच्या जागेवर? मग शिक्षणाला अर्थ काय राहिला?"

नारळ फुटला. 'शंभर टक्के एकाग्रता' असा फलक लावून रिकामा ट्रक वाशीला निघाला. चढाला तो इतका हलका पळाला, की ड्रायव्हर दरवर्षी असाच वर्ग घ्या म्हणून सांगून गेला.

घरी वासंतीने तो मांडीत पडलेला आंबा कापून पुढे ठेवला. "घ्या. यंदाचं उत्पन्न. चावलेली बाजू तुमची."

तुम्ही मात्र शाबास. एवढं सगळं वाचलंत, पण एकदाही मान वर केली नाहीत. मध्ये घरातून कुणीतरी दोनदा हाक मारली, तीही तुम्हाला ऐकू आली नाही. पास आहात. आता उठा आणि गॅसवर ठेवलेल्या दुधाचं काय झालं ते बघून या.