सजीव मालाची उबदार रवानगी

एखादा समाज किती पुढारलेला आहे, हे तो कडाक्याच्या थंडीत आपली पाल परगावी कशी पाठवतो, यावरून ठरवावं. या कसोटीवर थोरला फारच पुढारलेला होता. हौशी लोकांना पाली, गोगलगायी आणि नाजूक रोपं परगावी पाठवणाऱ्या कंपनीत तो पॅकिंगचा प्रमुख होता. (घरात फुकट आलेल्या पालीमागे आपण झाडू घेऊन धावतो, विकत आणलेलीचं बारसं करतो.)

त्या दिवशी त्याच्याकडे दोन रवानग्या होत्या. एक ठिपक्यांची पाल, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मागवलेली. दुसरे आप्पा, म्हणजे त्याचे वडील. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे, अशी आप्पांची न्याय्य वाटणी झालेली होती आणि थोरल्याची पाळी संपली होती. दोघांना जायचं गाव एकच आणि गाडीही एकच, म्हणून आप्पा पिशवी घेऊन थेट पॅकिंगच्या खोलीतच येऊन बसले.

थोरला कामात रंगून गेला होता. खोक्याला आतून थर्माकोल. हीट पॅक आधी उघडायचा, हवा लागून तापला की कागदात गुंडाळायचा आणि झाकणाला आतून चिकटवायचा. पालीच्या अंगाला लागला तर चटका बसतो. भोकं हवीतच, कारण हवा पालीलाही लागते आणि पॅकलाही. शेवटी त्यानं पालीच्या डबीला गाल लावून ऊब पाहिली.

"माझ्या तापात कपाळाला हात नव्हता लावलास," आप्पा कौतुकानं म्हणाले.

"आप्पा, हिला बोलता येत नाही. तुम्हाला येतं."

"येतं की. मी बोललो की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस. बरं, मला काय लावणार?"

"तुम्हाला स्वेटर आहे ना!"

थोरला चिकटपट्टी आणायला वळला. आप्पांनी टेबलावरचं एक स्टिकर उचललं आणि छातीवर चिकटवलं. 'सजीव माल. हळू हाताळा. उलटा ठेवू नये.'

ड्रायव्हर नियमाचा पक्का. त्यानं माणूस पाहिला नाही, स्टिकर पाहिलं. पुढच्या सीटची काच वर होत नव्हती. तिथे सजीव माल ठेवायला मनाई. आप्पा मागच्या उबदार कप्प्यात गेले, दोन्ही खिशांत कागदात गुंडाळलेले हीट पॅक घेऊन. प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर दार उघडून विचारी, "हालचाल आहे का?"

"आहे, आहे!" आप्पा म्हणत. पुढे पुढे तर ते थांब्याची वाटच पाहू लागले.

इकडे, धाकटा घ्यायला वेळेवर जाईल ना, अशी शंकेची पाल थोरल्याच्या मनात चुकचुकली. पण ही पाल त्याच्या खात्यात येत नसल्यानं त्यानं दखल घेतली नाही.

डेपोचं दार उघडायच्या आधीपासून डॉक्टरीणबाई आपली गाडी गरम करून उभ्या होत्या. धाकट्याचा निरोप होता, "दिवसभरात चक्कर टाकतो." सजीव माल थंडीत बेवारस ठेवता येत नाही. ड्रायव्हरनं बाईंना विचारलं, खोली उबदार आहे? पाणी? लक्ष ठेवायला कुणी?

"सगळी तयारी आहे," बाई म्हणाल्या.

"मग हेही घ्या."

बाईंनी आप्पांकडे नीट पाहिलं. "यांना काय चालतं?"

"चहा," माल म्हणाला.

संध्याकाळी थोरल्याचा बाईंना फोन आला. "कशी आहे? काही खाल्लं? नव्या जागेत बुजली नाही ना?"

"मजेत आहे. तुमचे वडीलही मजेत आहेत. माझ्या सासऱ्यांना पत्त्यांत हरवताहेत."

"ते तिथे कसे?"

बाईंनी सांगितलं. थोरला चिकटपट्टी हातात धरून बसून राहिला. आयुष्यात प्रथमच त्याला आपल्या पॅकिंगमध्ये काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. काय, ते मात्र सापडेना.

धाकटा त्याच सुमारास डेपोवर पोचला. माल सुखरूप पोचल्याचं कळल्यावर त्यानं तक्रार केली नाही. बाईंना फोन लावून एवढंच विचारलं, "परत घ्यावाच लागतो का?"

बाईंनी आनंदानं 'नाही' कळवलं. त्यांच्या सासऱ्यांना कित्येक वर्षांनी भिडू मिळाला होता.

ही गोष्ट पसरल्यापासून कंपनीला रोज फोन येतात, वडीलधाऱ्यांसाठी दर काय? कंपनी उलट एकच प्रश्न विचारते, "उतरवून घ्यायला तुम्ही स्वतः येणार ना?" इथे बहुतेकांचा फोन कट होतो. (तुमचा नेटवर्कमुळे झाला, हे कंपनीला मान्य आहे.)