वासुदेवकाकांची तिसरी ओळ

सौंसरच्या आमच्या गल्लीत वाद्य जुळवायला पिठाची चक्की लागते. निदान वासुदेवकाकांना लागते. समोरची चक्की सुरू झाली की तिच्या घरघरीला कान लावून ते बेंजोच्या तारा पिळतात. लाइन गेली की चक्की बंद, रियाजही बंद. "आधारच गेला ना मास्तर!" मला म्हणतात.

बसस्टँडजवळचं दुकान मुलाच्या हवाली करून काकांनी हा बटणांचा बेंजो घेतला. गुरू नाही, पुस्तक नाही. "मी कानानं शिकून राहिलो," हे ते अशा थाटात सांगतात, जणू बाकीचे लोक नाकानं शिकतात.

मागच्या वर्षी शांताकाकूंना लकवा झाला आणि त्यांची वाचा गेली. तेव्हापासून काका घरीच, आणि बेंजोही. काकू बोलत नाहीत, काका थांबत नाहीत.

येतं ते एकच, मारुतीचं भजन. पूर्वी गल्लीच्या भजनमंडळात काकू ते म्हणायच्या. पहिल्या दोन ओळी स्वच्छ. तिसरीत मात्र काका रोज घसरतात, रोज त्याच जागी. भाजीवाली शेवंताबाई तर वांग्यांचा भाव सांगता सांगता थांबते, काकांना पडू देते आणि मगच पुढचं बोलते.

शनिवारी मंडळ जामसांवलीच्या मारुतीला भजनाला निघणार होतं. काकांना बेंजोसकट न्यायचं ठरलं, फक्त तिसरी ओळ सुधारायची अट घातली. शाळेत मी पेटी वाजवतो, म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली.

सकाळी गेलो. काकू खाटेवर, काका पायथ्याशी.

"काका, तिथं बोट एक बटण वर ठेवा."

"असं?" म्हणत त्यांनी अख्खं भजन वाजवलं. एक चूक नाही. मी उडालोच.

"येते ना तुमाले! मंग रोज काऊन चुकता?"

त्यांनी पुन्हा सुरू केलं, तिसऱ्या ओळीशी आले आणि घसरले.

खाटेवरून आवाज आला. शब्द नव्हते, नुसतं गुणगुणणं. बारीक, चिरकं, पण सूर अगदी बरोबर. काकूंच्या कपाळावर आठी होती, नवऱ्याला काही म्हणून जमत नाही तेव्हा बायकांच्या कपाळावर येते ती.

काका कान पुढे करून ऐकत होते.

"बरोबर वाजवलं तं चुप राहते ही," ते हळूच म्हणाले. "चुकलो तं बोलते."

मी तसाच उठलो आणि मंडळाला जाऊन सांगितलं, काका काही सुधारायचे नाहीत, तुम्ही जाऊन या.