गिअरबॉक्सची सोयरीक

बोरसेभाऊ पहिल्यांदा माझ्या दारात आले ते एका स्थळाचा निरोप घेऊन. म्हणाले, "सर, उद्या मोकळे आहात ना? मसाटला एक स्थळ आलंय. बघायला चला. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे."

आम्ही वापीजवळच्या आमलीतल्या या सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. बोरसेभाऊ तळमजल्यावर राहतात, एका पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्सचे प्रमुख आहेत, मूळचे अमळनेरकडचे, एवढंच मला ठाऊक होतं. स्थळ कुणासाठी, हे विचारणं बरं दिसेना. मी मास्तर माणूस, त्यातून कोकणातला. शुभकार्यात आमचा हात सढळ नसेल, पण इस्त्री कडक असते. पांढरा शर्ट चढवला. बायको म्हणाली, मोकळ्या हातानं जाऊ नका, म्हणून पेढेही घेतले.

स्थळ भंगाराच्या यार्डात, मोडक्या टेम्पोच्या मागे, गोणपाटावर ठेवलं होतं. तो एक गिअरबॉक्स होता. बोरसेभाऊ त्याच्यापुढे उकिडवे बसले, दांडा हातानं फिरवला, कान लावून ऐकलं आणि मला हळूच म्हणाले, "तोंडाला तेल लागलंय, पण घराणं चांगलं आहे." पेढे भंगारवाल्या कांतिभाईंनी खाल्ले आणि "बहु सरस" म्हणाले. ते पेढ्यांना की गिअरबॉक्सला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कशी होती मुलगी?" मी म्हटलं, "वजनदार."

तर असे हे बोरसेभाऊ. सोसायटीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार उभी असते. दोनच सीटा, आणि त्या इतक्या खाली की आत बसलं की समोरून येणाऱ्या म्हशीच्या पोटाखालचं जग दिसतं. घेतली तेव्हाच तिचं इंजिन कायमचं जॅम झालेलं होतं. भाऊंनी ते काढून टाकलं आणि उलटलेल्या एका मोठ्या जीपचं धडधाकट इंजिन आणलं. हा नवरदेव. पण गाडीचा जुना गिअरबॉक्स या नव्या इंजिनाला जुळेना, आणि जीपचा गिअरबॉक्स गाडीच्या पोटात मावेना. म्हणजे गाडी एका कुळातली, इंजिन दुसऱ्या कुळातलं, आणि दोघांना सांभाळून घेईल असा गिअरबॉक्स तिसऱ्याच कुळातून शोधायचा. लग्न पाहावं करून म्हणतात ते उगीच नाही.

मग स्थळं पाहण्याचा सपाटा सुरू झाला. एकाच्या शाफ्टचे दात बारीक, क्लचच्या प्लेटचे जाड. भाऊ म्हणाले, "दात जुळत नाहीत सर. जन्मभर दातओठ खातील." दुसरा सगळ्या बाजूंनी जुळला, पण त्याची गिअरची दांडी सीटच्या पाठीमागे निघत होती. "गिअर टाकायला मागच्या सीटवर माणूस बसवावा लागेल. अन् हिला मागची सीटच नाही, भो." तिसऱ्याला मी माझ्या अकलेनं पसंती दिली, तर माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "सर, तुम्ही रूप पाहू राहिले. मी आवाज ऐकू राहिलो. बेअरिंग रडतंय तिचं."

आवाज हा भाऊंचा प्राणच. कारखान्यात मशीन बंद पडायच्या आदल्या दिवशी ते त्याच्याजवळ जाऊन उभे राहतात म्हणे. आमच्या मिक्सरचा आवाज खालून ऐकून त्यांनी वर निरोप पाठवला होता, की चटणीत पाणी घाला. आणि याच कानांपायी त्यांना गाडी चालवता येत नाही. लायसन्स आहे, पण स्टिअरिंगवर बसले की सगळं लक्ष बॉनेटखाली. "मी इंजिनाचं ऐकत बसतो, अन् समोरचा ट्रक मला ऐकूच येत नाही," असं ते स्वतःच सांगतात.

गाडी चालवायच्या मंगलावहिनी. माहेरी शिरपूरकडे ट्रॅक्टर चालवलेली बाई. त्यांच्या रोजच्या वापरातल्या साध्या गाडीतून खानवेलच्या वळणांवरून जाताना वहिनी गिअर टाकणार आणि भाऊ शेजारून "आता तिसरा, आता दुसरा" असं कीर्तन लावणार. मग वहिनी म्हणणार, "तुम्ही चालवता का मी उतरू?" दोघं भांडत गेले आणि भांडत परत आले की सोसायटीला कळायचं, सहल छान झाली. ही स्पोर्ट्स कारसुद्धा वहिनींनीच वापीला कुठल्याशा गॅरेजबाहेर पाहिली होती आणि म्हणाल्या होत्या, "ही मी चालवणार." तेवढ्या एका वाक्यावर भाऊंनी हा संसार मांडला.

शेवटी पाच गिअरचं एक मॅन्युअल स्थळ पसंत पडलं. मी सहज विचारलं, "ऑटोमॅटिक का नाही बघत? सोपं पडतं म्हणतात." भाऊंचा चेहरा असा झाला, जणू मी जेवणात मेलेली माशी दाखवली. "ऑटोमॅटिक म्हणजे दुसऱ्यानं घास चावून द्यायचा अन् आपण गिळायचा. माझ्या गाडीत ते चालणार नाही."

इंजिन आणि गिअरबॉक्सचे बोल्ट समोरासमोर येत नव्हते, म्हणून मध्ये एक जाड धातूची चकती बनवायची होती. तिला भाऊ मध्यस्थ म्हणत. "मध्यस्थ बरोब्बर मधोमध पाहिजे सर. केसभर कुणाच्या बाजूला झुकला, की संसाराचा खडखडाट." त्या केसासाठी त्यांनी तीन चकत्या भंगारात काढल्या. कागदोपत्रीही काम चोख. आरटीओत इंजिन बदलल्याची रीतसर परवानगी काढली. त्याला ते नोंदणी विवाह म्हणाले.

या गडबडीतच वहिनींचा अपघात झाला. बाजारातून स्कूटरनं येताना टेम्पोनं धडक दिली. डावा पाय घोट्यापासून वर मोडला. सळ्या घातल्या, ऑपरेशनं झाली, काठी घेऊन चालायला लागल्या, पण पायात जोर आला नाही. आणि आणखी एक झालं. वहिनी बोलेनाशा झाल्या. "हो", "नको", "झाकून ठेवलंय", एवढंच. माझी बायको जाऊन बसायची तर तासभर एकटीच बोलून परत यायची.

भाऊंनी हाय खाल्ली नाही. म्हणाले, "गाडी तयार झाली की बसेल, आपोआप खुलेल." आणि गाडी खरंच तयार झाली. भाऊंनी वहिनींना हात धरून सीटवर बसवलं. वहिनींनी डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. पेडल निम्म्यात थांबलं. पुन्हा दाबला. कपाळावर घाम आला. मग त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून बाहेर काढला, काठी घेतली आणि म्हणाल्या, "विकून टाका." आवाजात राग नव्हता, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्या घरात गेल्या. भाऊ शेडमध्ये तसेच उभे राहिले.

मी मनाशी म्हटलं, संपलं आता. हा माणूस ड्रायव्हर ठेवेल, नाहीतर गाडी खरंच विकेल. पण पुढच्या रविवारी सकाळी दारात हजर.

"सर, चला. स्थळ पाहायचंय."

"अहो, लग्न झालं ना?"

"मोडलं."

कांतिभाईंच्या यार्डात या वेळी गोणपाटावर एक अगडबंब धूड होतं. ऑटोमॅटिक. माझी जीभ काही गप्प बसेना. म्हटलं, "भाऊ, आणि तो चावलेला घास?"

भाऊ दांडा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "जिचे दात दुखू राहिले, तिला घास मऊ करूनच द्यावा लागतो, सर."

यानंतर मी बरेच दिवस थट्टा केली नाही.

सगळं पहिल्यापासून. गाडीच्या पोटाचा पत्रा कापून जागा केली. मध्यस्थ नवा घडवला. आणि या बाईसाहेबांचं तंत्रच वेगळं. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, इंजिन किती फिरतंय, याचा निरोप तिला तारेतून सतत जावा लागतो. निरोप पोचला नाही, तर ती रुसून तिसऱ्या गिअरमध्ये बसते. आणि ती बसलीच. भाऊ कारखान्यातून आले की अंग मुडपून आत शिरायचे आणि एकेक तार तपासायचे. त्यांना विजेचं काम आवडत नाही. "तारेला आवाज नसतो ना सर," ते एकदा म्हणाले. "मशीन रडलं तर मला कळतं. ही नुसती गप्प बसते. गप्प बसलेल्याचं काय दुखतंय, ते मला नाही ओळखता येत." मला या माणसाचं कौतुक वाटत आलंच होतं. त्या दिवशी माया वाटली.

एकदाच्या या बाईसाहेब बोलत्या झाल्या. मग भाऊ मला म्हणाले, "तुमच्या वहिनीला तुम्ही बोलवा. तुमचा शब्द मोडणार नाही ती." म्हणजे आता मध्यस्थ मी. वहिनींना म्हटलं, नुसतं पाहून तर जा. त्या काठी टेकत आल्या, दार उघडून वाकल्या आणि थबकल्या. खाली दोनच पेडल होती.

"अन् क्लच?"

"काढून टाकला," भाऊ म्हणाले.

"तुम्हाला तर हे चालत नव्हतं."

"मला कुठं चालवायचीये?"

वहिनींनी काठी माझ्या हातात दिली आणि त्या आत बसल्या. भाऊ शेजारी शिरले, गाडी सुरंगीच्या रस्त्याला लागली आणि मी मास्तर काठी घेऊन फाटकात उभा राहिलो. येणारेजाणारे विचारत होते, "सर, पाय दुखतोय?"

बऱ्याच वेळानं गाडी परत आली. वहिनी उतरल्या त्या लालबुंद होऊन. काठी माझ्या हातातून ओढून घेत म्हणाल्या, "यांना सांगा, सर. गिअर टाकायचा राहिला नाही, तर म्हणे हळू, खड्डा आला, म्हैस आली. मला डोळे नाहीत का? पुढच्या वेळी घरी बसा म्हणावं." आणि तणतणत, काठी आपटत त्या घरात गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

भाऊ अजून गाडीतच होते. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. खिडकीशी वाकून विचारलं, "काय झालं? गाडी कशी वाजतेय?"

"माहीत नाही, सर. ऐकलंच नाही," ते म्हणाले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. "भांडली माझ्याशी. पूर्ण रस्ता भांडली."