अण्णांच्या गाडीची प्रकृती

आमच्या शेजारचे अण्णा गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवतात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणतात, "बरी हाय आज." गाडी जुनी, पांढरी, एका बाजूचं दार फक्त आतूनच उघडणारं. आमच्या कासार आंबोली गावात तिला सगळे डबडं म्हणतात, पण अण्णांच्या कानावर जाणार नाही इतक्या हळू.

माणूस असो की यंत्र, अण्णांचं निदान एकच. उष्ण की थंड? माझं तोंड आलं, तर "वांगं बंद कर." मिक्सर जळला, तर "उष्णता भडकली."

यंदा गाडी चढावर आचके द्यायला लागली, तीही नेमकी वैशालीला आणायच्या तोंडावर. वैशाली त्यांची एकुलती एक लेक, महाळुंगेला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं अण्णांच्या मनात, पण तिची आई, आमच्या काकू, आता नाहीत. जावई म्हणाले होते, "बाबा, तुमची गाडी धक्के देते. त्यात मी तिला पाठवणार नाही." कॅब करायची म्हटलं की अण्णा उठूनच जात.

मेकॅनिक म्हणाला, इंजिनाचे स्पार्क प्लग गेलेत, नवे घाला. अण्णा जुना प्लग रुमालात बांधून पौडच्या दुकानात निघाले. मला बाजार करायचा होता म्हणून मीही बरोबर गेले.

"हा घ्या, सगळ्यांना हाच बसतो," दुकानदार म्हणाला.

"चप्पल हाय का सगळ्यांना बसायला?"

"बरं, नंबर बघून देतो. प्लगमध्येपण गरम आणि थंड असतात, अण्णा."

झालं! जन्मभर सांगत आलेली गोष्ट पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केली होती. अण्णा काउंटरवर पुढे वाकले. "आमची उष्ण प्रकृतीची हाय. सारखं पाणी पिती. थंडच दे."

"अहो, पण जुन्याचा नंबर..."

"नंबराचं काय सांगतोस? पत्रिका जुळून बी लोकं भांडत्यात!"

थंड प्लग बसले आणि थोड्याच दिवसांत गाडी खोकायला लागली. मेकॅनिकने काढून दाखवले, तर टोकांवर काळी काजळी. गावातल्या गावात रमतगमत चालणाऱ्या गाडीत ते प्लग नीट तापतच नव्हते.

"सर्दी झाली व्हय हिला," अण्णा पुटपुटले, आणि निमूट जुन्याच नंबराचे प्लग घेऊन आले.

तरी समाधान नाही. सकाळी मला हाक आली. "सुमन, काठोकाठ तांब्या भर आन मागं बस. मांडीवर धर."

"कशाला?"

"बस म्हंतो न्हवं!"

चार माणसांत मान वर न करणारी मी, तांब्या धरून पिरंगुटपर्यंत गेले. पारावरून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, गंगा कुटं न्यायलाय?" मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"सांडलं का?" अण्णांनी विचारलं.

"थोडं. स्पीडब्रेकरवर."

"त्यो सरकारचा दोष. चढावर?"

"थेंब नाही."

अण्णांनी गाडी कडेला घेतली. समोर बघतच म्हणाले, "भाड्याच्या गाडीतनं आणली, तर पोरीला पावणी आल्यागत वाटंल. आधीच आई न्हाई घरात. तू येशील ना तिला आणायला? गाडीत एक बाई पायजे."

मी मान डोलावली.

महाळुंगेला जावयांनी स्वतः गाडी चालवून सोसायटीभोवती एक फेरी मारली. उतरले आणि म्हणाले, "ठीक आहे, बाबा." अण्णांनी तिथेच टोपी काढून घाम पुसला.

परतताना वैशाली माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. अण्णांनी प्रत्येक स्पीडब्रेकर मुंगीच्या पावलाने ओलांडला. गाडी अंगणात येऊन थांबली. मी दाराला हात घातला, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"गाडी बंद करा की," मी कुजबुजले.

"आवाज थांबला की जागी व्हती. ल्हानपणापास्नं तसंच हाय तिचं."

इंजिन एका लयीत चालू होतं. अण्णा स्टिअरिंग धरून, आरशात बघत तसेच बसून राहिले.